साक्कोट्टैपर्यंत ओढत नेलेली खोली

आमच्या गाडीमागे जोडलेली खोली बारा फूट लांब आणि साडेसहा फूट रुंद होती. दोन चाकं, एक दार, दोन खिडक्या, आत एक पलंग, हात धुवायला बेसिन, कोपऱ्यात संडास आणि पलंगाच्या वर छतात घट्ट बसवलेला एक हूक. हा हूक मी स्वतः बसवला होता. लोक कॅम्पर ट्रेलर घेतात ते समुद्रकिनारी मुक्काम करायला. आम्हाला तो त्या हुकासाठी हवा होता.

माझी बायको रुक्मिणी. तिची दोन्ही मूत्रपिंडं तीन वर्षांपूर्वी निकामी झाली. तेव्हापासून तिच्या पोटात एक बारीक नळी आहे. दिवसातून चार वेळा तिच्यातून पोटातलं पाणी बाहेर काढायचं आणि दोन लिटरची औषधी पाण्याची नवी पिशवी वर टांगून आत सोडायची. शरीरातली घाण ते पाणी ओढून घेतं. प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास लागतो. खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, कोपरापर्यंत हात धुतलेले. नळीच्या टोकाला एकदा जरी चुकून हात लागला तरी पोटात संसर्ग होऊन जिवावर बेतू शकतं. रेल्वेच्या डब्यात हे जमत नाही, अनोळखी लॉजच्या खोलीत मला ते करायचं धाडस नव्हतं. म्हणून तीन वर्षं आम्ही कोल्हापूर सोडलं नव्हतं.

गाडी माझ्या पुतण्याची. तो परदेशी नोकरीला जाताना ती आमच्या अंगणात ठेवून गेला. प्लग-इन हायब्रिड. म्हणजे पेट्रोलचं इंजिनही आहे आणि घरातल्या मोठ्या प्लगवर चार्ज होणारी बॅटरीही आहे. डिकीत एक सॉकेट आहे, इंजिन बंद असतानाही त्यातून घरच्यासारखी वीज मिळते. मी वीज खात्यात तेहतीस वर्षं काढली. ते सॉकेट बघितलं त्याच दिवशी माझ्या डोक्यात आलं, की पिशव्या गरम करायची शेगडी यावर चालेल. पण ते मी रुक्मिणीला सांगितलं नाही. कारण ती लगेच म्हणाली असती, कुंभकोणमला जाऊ.

तिने ते शेवटी म्हटलंच. नोव्हेंबरात डॉक्टरांनी सांगितलं, की हृदय अशक्त झालंय, आता मूत्रपिंड बदलायचं ऑपरेशन कधीच करता येणार नाही. मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून राहिलो. ती माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "बरं झालं. आता मी अण्णाला भेटू शकते."

मला कळलं नाही.

"आतापर्यंत गेले असते तर त्याला वाटलं असतं, मागायला आली. आता मागण्यासारखं काही उरलंच नाही."

अण्णा म्हणजे तिचा थोरला भाऊ सेतुमाधवराव. कुंभकोणमला त्यांचं कॉफी भाजून दळून द्यायचं छोटं दुकान आहे. रुक्मिणी तिथल्या मराठी घरातली. हे लोक मराठी राजांच्या काळात तंजावरकडे गेले आणि तिथलेच झाले. चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन ती कोल्हापूरला आली तेव्हा "कोठें", "जाहलें" असं बोलायची. माझ्या बहिणी तोंडाला पदर लावून हसायच्या. वर्षभरात तिने ते सगळं गिळून टाकलं आणि आमच्यासारखं बोलायला लागली.

तिने अण्णांना पत्र लिहिलं. उत्तरात दोन ओळींचं कार्ड आलं: "ये. गाडी आमच्या गल्लींत शिरणार नाहीं. साक्कोट्टैच्या भातगिरणींत सांगून ठेविलें आहे." ते कार्ड मी तिच्यापेक्षा जास्त वेळा वाचलं. का, ते पुढे सांगतो.

हावेरी, तुमकूर

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो. खोलीत पंधरा दिवस पुरतील इतक्या पिशव्यांची खोकी होती. पलंगाखाली रचली, उरलेली मागच्या भिंतीला लावून पट्ट्याने आवळली. नियम असा आहे, आणि शहाणपणही तेच आहे, की गाडी चालू असताना मागच्या खोलीत कुणी बसायचं नाही. रुक्मिणी माझ्या शेजारी, सीट मागे झोपवून.

मागे एवढं ओझं घेऊन गाडी चालवणं ही नवी विद्या होती. बॅटरीवर एरवी चाळीस किलोमीटर जाणारी गाडी ट्रेलर जोडल्यावर वीस किलोमीटरमध्येच दमते. मग इंजिन सुरू होतं आणि सगळा भार त्याच्यावर येतो. मी बॅटरी राखून ठेवायचं बटण दाबून पेट्रोलवर चालत राहिलो, म्हणजे थांबलो की शेगडीला वीज हाताशी असेल. साठच्या पुढे काटा जाऊ दिला नाही. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून पुढे जायचे आणि जाता जाता खिडकीतून मान काढून खोलीकडे बघायचे.

पहिल्या दिवशी दुपारची पिशवी धारवाडच्या अलीकडे एका ढाब्यामागे चिंचेखाली लावली. मालकीणबाई बघायला आली. मास्क लावलेला मी दाराच्या फटीतून तिला हातानेच 'थांबा' म्हणालो. अर्ध्या तासाने बाहेर आलो तर तिने आमच्यासाठी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ताक झाकून ठेवलं होतं. "यांना मीठ कमी लागत असेल ना?" तिने विचारलं. तिच्या सासूला रक्तदाब होता. दुखणाइताचं घर तिला लांबून ओळखता येत होतं.

हावेरीला मुक्काम. दुसऱ्या दिवशी चित्रदुर्गाच्या डोंगरांवर पवनचक्क्या फिरताना बघत तुमकूर. तिथल्या लॉजच्या मॅनेजरने गाडीला प्लग लावताना बघून विचारलं, "इतकी मोठी गाडी मोबाइलसारखी चार्ज होते?" आणि त्याने स्वतःच्या ऑफिसमधून वायर ओढून दिली. रात्री आम्ही ट्रेलरमध्येच झोपायचो, लॉजच्या आवारात.

आता त्या कार्डाचं सांगतो.

तीन वर्षांपूर्वी मी माझं एक मूत्रपिंड तिला देणार होतो, पण माझा रक्तगट जुळला नाही. आम्हाला मूलबाळ नाही. अण्णांचं सगळं जुळलं. ते कोल्हापूरला येऊन तपासण्या करून गेले, ऑपरेशनचा दिवस ठरला. त्याच्या आठ दिवस आधी त्यांचा फोन आला. रुक्मिणीला नुकतीच झोप लागली होती, फोन मी घेतला. ते म्हणाले, "वसंतराव, माझ्यानें होणार नाहीं." एवढंच. मी जिन्यात गेलो आणि तोंडाला येईल ते बोललो. शेवटी म्हणालो, "पुन्हा या घरी फोन करायचा नाही. तिला तुमचं नावही ऐकायचं नाहीये."

रुक्मिणीने असं काहीही म्हटलं नव्हतं. तिला तर काही माहीतच नव्हतं. ती उठल्यावर मी सांगितलं, "अण्णांना जमत नाही म्हणाले, आणि फोन ठेवून दिला."

त्यानंतर अण्णांचा फोन आला नाही. ती वाट बघत राहिली. दिवाळीला, तिच्या वाढदिवसाला. आपण करावा तर त्याला वाटेल मागायला केलाय, म्हणून तिनेही केला नाही. एकदा म्हणाली, "भिला असेल, ते समजतं मला. पण कशी आहेस, एवढं तरी विचारायचं." मी वर्तमानपत्र वाचत होतो. वाचत राहिलो.

तर आता मी तिला स्वतःच गाडी चालवत तिथे नेत होतो जिथे हे उघडं पडणार होतं. दिवसाला अडीचशे किलोमीटर.

तोप्पूरचा घाट

बंगळुरूला बाहेरून वळसा घालून तिसऱ्या दिवशी कृष्णगिरीला पोचलो. रुक्मिणीचं बोलणं बदलत होतं. होसूरच्या पुढे चहाच्या टपरीवर ती तमिळमध्ये बोलली तेव्हा तिचा आवाज मला निराळा वाटला, तरुण. गाडीत परत बसताना म्हणाली, "मला थोडं पाणी दे की." मला 'दे' म्हणाली, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. तिचं तिलाही कळलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी बॅटरी काठोकाठ भरून निघालो आणि ती तशीच राखून ठेवली. ही माझी चूक. अशी गाडी उतारावर स्वतःचा वेग अडवते आणि त्या जोरावर बॅटरी भरून घेते. मागचा ट्रेलरही त्यामुळे आवरला जातो. पण बॅटरी आधीच भरलेली असेल तर ती घेणार कुठे? मग ते अडवणंही बंद. वीज खात्यात जन्म घालवलेल्या माणसाला हे सुचायला हवं होतं.

धर्मपुरीच्या पुढे सेलमकडे उतरताना तोप्पूरचा घाट लागतो. लांबलचक, दिसायला साधा, पण वळणावळणावर पाट्या. उतार सुरू झाला आणि नेहमीसारखी गाडी धरून ठेवली गेली नाही. काटा साठ, पासष्ट, सत्तर. मी ब्रेक लावला आणि मागून धक्का बसला.

"अहो," रुक्मिणी बाजूच्या आरशात बघत म्हणाली, "खोली एकदा दिसतेय, एकदा दिसत नाहीये."

ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागला होता. डावीकडे, उजवीकडे, दरवेळी थोडा जास्त. गाडीचा मागचा भाग त्याच्याबरोबर ओढला जात होता. स्टीअरिंग उलटं फिरवावंसं वाटत होतं, ब्रेक जोरात दाबावासा वाटत होता. ट्रेलर विकणाऱ्याने एकच गोष्ट तीन-तीनदा बजावली होती: डोलायला लागला तर चाक सरळ धरायचं आणि काही करायचं नाही. मी चाक सरळ धरलं. गिअर हाताने खाली टाकला, इंजिन किंचाळलं. मागून येणाऱ्या ट्रकने आपला वेग कमी करून मागची वाट अडवून धरली, म्हणजे कुणी आम्हाला ओलांडू नये. दहा-बारा वेळा शेपटी हलली असेल. मग हळूहळू शांत झाली.

पायथ्याशी रुंद जागा होती तिथे थांबलो. माझे हात चाकावरून सुटेनात. तो ट्रक आमच्या मागेच थांबला. ड्रायव्हर नामक्कलचा, पन्नाशीचा, कपाळाला विभूती. तो ट्रेलरभोवती फिरला, जोडाच्या दांड्याखाली हात घालून तो उचलून पाहिला, आणि दांडा अगदी अलगद वर आला. "पिन्नाडि वेयिट जास्ति," तो म्हणाला.

रुक्मिणी भाषांतर करणार होती, पण 'जास्ति' मला कळलं. दार पुढच्या अंगाला म्हणून तीन दिवस मी जवळचीच खोकी वापरत आलो होतो. पुढचं ओझं कमी होत गेलं, मागच्या भिंतीची खोकी तशीच राहिली. दांडा हलका, शेपूट जड.

तो आत आला आणि खोकी उचलायला लागला. "तण्णी?" त्याने विचारलं. पाणी? रुक्मिणी म्हणाली, "मरुंदु." औषध. तिने ब्लाउजच्या काठाशी हात नेऊन नळी कुठे आहे ते दाखवलं. त्यानंतर त्याने एकेक खोकं तान्ह्या मुलासारखं दोन्ही हातांवर घेऊन पुढे नेऊन ठेवलं. निघताना तिला "वरेन अम्मा" म्हणाला. येतो, आई.

अकराची पिशवी तिथेच लावली. नळी जोडताना तिने माझा हात धरला. "घाबरलात?"

"हो."

"मी नाही घाबरले. मला एवढंच वाटलं, की अण्णाला न भेटता जायचं नाही."

सांगायची हीच वेळ होती. मी पिशवी वर टांगली आणि पाणी सुरू केलं.

साक्कोट्टै

तिरुच्चीला मुक्काम करून पाचव्या दिवशी कावेरीच्या काठाकाठाने निघालो. तंजावर मागे पडलं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची कापणी चाललेली. लोकांनी पेंढा डांबरावरच वाळत घातला होता. त्यावरून चाकं जाताना मऊ आवाज येत होता. रुक्मिणी काच खाली करून वास घेत होती.

साक्कोट्टै कुंभकोणमच्या दक्षिणेला लागूनच आहे. जुनं शंकराचं देऊळ, तळं, आणि देवळापासून थोड्या अंतरावर भातगिरणी. फाटकात अण्णा उभे होते. लुंगीसारखी नेसलेली पांढरी वेष्टी, हातात छत्री. तीन वर्षांत निम्मे झाले होते. ट्रेलर केवढा ते माहीत नव्हतं म्हणून त्यांनी भात वाळवायचं अख्खं अंगण झाडून घेतलं होतं, आणि कडुलिंबाखाली, जिथे दार येईल असं त्यांना वाटलं होतं, तिथे पिठाचं कोलम, म्हणजे रांगोळी, काढून घेतलं होतं.

ट्रेलर मागे घेणं ही वेगळी परीक्षा. चाक उजवीकडे वळवलं की तो डावीकडे जातो. सातव्या प्रयत्नात तो कडुलिंबाखाली बसला, पण उलट्या बाजूने. दार भिंतीकडे आणि कोलम मागच्या चाकाखाली. कुणी हसलं नाही.

रुक्मिणी उतरली. अण्णा चार पावलांवर थांबले.

"ये गे रुक्कू."

"आलें रे." आणि लगेच, "मागायला नाहीं आलें, अण्णा."

"ठाऊक आहे गे मला. तरी तुजकडे पाहूं कसा मी?"

"असा पाहा," ती म्हणाली, आणि त्यांच्या हातातली छत्री काढून घेतली. मग ते तिच्या खांद्याला धरून रडले. म्हातारा माणूस मोठ्याने रडतो तेव्हा कुठे बघावं कळत नाही. मी ट्रेलरच्या चाकांना दगड लावत बसलो.

माझ्याकडे वळून ते म्हणाले, "वसंतराव, दमलात. बसा." बाकी काही नाही. चेहऱ्यावरही काही नाही.

जेवण त्यांनी स्वतः करून आणलं होतं. सार, भात, आणि डांगर पच्चडी. आमच्याकडे डांगर उडदाच्या पिठाचं, दह्यात कालवलेलं. इथेही तेच, फक्त फोडणीत कढीपत्ता जास्त. तीनशे वर्षांपूर्वी एका चुलीवरून उठलेला पदार्थ दोन्हीकडे तसाच राहिला होता. रुक्मिणीने दोनदा मागून घेतलं.

कुंभकोणम

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा मला दुकानात घेऊन गेले. गल्ली इतकी अरुंद, की समोरासमोरच्या ओट्यांवरून लोक एकमेकांना वर्तमानपत्र देत होते. दुकानात बिया भाजायचा लोखंडी पिंप, दळायचं यंत्र, तांब्याचा फिल्टर. त्यांनी मला पितळी दबऱ्यात, म्हणजे तिथल्या खोलगट वाटीत, कॉफी दिली आणि गिऱ्हाइकाची पूड दळायला घेतली. यंत्राच्या आवाजात, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो फोन तिला ठाऊक नाहीं."

"नाही."

"मी नाहीं सांगणार. ती तुमच्यासंगें राहाते, माझ्यासंगें नाहीं." थोड्या वेळाने म्हणाले, "मज भय जाहलें, वसंतराव. आस्पत्रींत कागद पुढें ठेविला, सही करा म्हणाले. केली. घरीं आलों, आणि रोज पहाटें पोट कापल्यासारखें दुखूं लागलें. अजून कापलें नाहीं तोंच. तुम्ही जें बोललांत त्यांत खोटें काय होतें?"

मी म्हणालो, "एक खोटं होतं. तिला तुमचं नाव ऐकायचं नाही, असं ती कधीच म्हणाली नव्हती. ते माझं होतं."

त्यांनी यंत्र बंद केलं. पूड पिशवीत अर्धीच पडली होती. ते मागच्या पोत्यावर टेकले.

"तें खोटें होतें की?"

"हो."

"मी तें खरें धरून होतों," ते म्हणाले. "दोनदां तिरुच्चीपर्यंत गेलों, रेल्वेचें तिकीट काढून. परत आलों. जिला माझें नांव नको तिच्या दारीं काय म्हणून उभा राहूं?"

गिऱ्हाईक बाहेर ताटकळत होतं. अण्णांनी उठून पिशवी भरली, दोरा बांधला, दिली. मग म्हणाले, "तुम्हीच सांगा तिला. मी सांगितलें तर मी तुमचा दावा साधला असें होईल."

स्वामीमलैचा रस्ता

दुपारची पिशवी झाल्यावर रुक्मिणी म्हणाली, स्वामीमलैच्या देवळात जाऊ, लहानपणी वडील न्यायचे. ट्रेलर सोडला, गाडी एकटी घेतली. ओझं नसल्यामुळे ती बॅटरीवरच चालत होती, आवाज नाही, कंप नाही. इंजिनाचा थोडा तरी आवाज असता तर बरं झालं असतं. कालव्याच्या कडेने चाललो होतो, गावाच्या अलीकडे, जिथे मूर्ती ओतणाऱ्यांच्या शेडा सुरू होतात आणि घासण्या-ठोकण्याचा आवाज ऐकू येतो.

मी सांगितलं. जिन्यात काय बोललो ते शब्दन्‌ शब्द. मग तिरुच्चीपर्यंत येऊन ते दोनदा परतले तेही.

"गाडी थांबवा," ती म्हणाली.

ती उतरून कालव्याच्या कठड्याशी उभी राहिली. मी जवळ गेलो नाही. पलीकडे एक बाई म्हशी धूत होती, तिच्या सगळ्या म्हशी धुवून झाल्या. मग रुक्मिणी परत आली आणि दार उघडं ठेवून सीटवर बसली.

"दिवाळीला मी फोनकडे बघत बसायचे, तुम्ही बघत होतात."

"हो."

"प्रत्येक वेळी?"

"हो."

"मी म्हणाले, कशी आहेस एवढं तरी विचारायचं. तेव्हाही तुम्ही समोर होतात."

"होतो."

"माझ्यासाठी रागावलात म्हणाल."

मी तेच म्हणणार होतो.

"रागावायचं तर मी रागावायचं होतं," ती म्हणाली. "तो राग माझा होता. तुम्ही मला विचारलंत तरी का?" मग तिने दार ओढून घेतलं. "मला देवळात नाही जायचं. चला."

संध्याकाळची पिशवी पाच वाजता. मी नेहमीप्रमाणे हात धुवायला लागलो. ती म्हणाली, "राहू दे. आज अण्णा लावील."

तीन वर्षांत एकही पिशवी माझ्याशिवाय लागली नव्हती. ताप असताना, माझ्या आईच्या तेराव्याला, कधीच नाही. मी हात कोरडे केले आणि बाहेर आलो.

खिडक्या बंद होत्या, पण पत्र्याच्या भिंती पातळ असतात. ती सांगत होती: "आधीं मास्क. आतां हात. कोपरापर्यंत, रे. नखें." अण्णा म्हणाले, "हात कांपतो गे." ती म्हणाली, "कांपूं दे. टोकाला लावूं नको, इतकेंच." मग अण्णांचा आवाज, "उतरतें आहे, रुक्कू. पाणी उतरतें आहे." ती हसली. मी भाताच्या राशीजवळ उभा होतो. तिचं ते हसणं मी माझ्या घरात कधी ऐकलं नव्हतं.

सातव्या दिवशी तिने सांगितलं की ती राहणार आहे. पिशव्यांचा पुरवठा इथल्या पत्त्यावर मागवता येतो, तंजावरला डॉक्टर आहेत. गिरणीवाल्यांनी खोली कडुलिंबाखाली हवी तितके दिवस राहू दे म्हटलं आणि एक वीजजोडणी दिली. ती मी स्वतः नीट अर्थिंग करून घेतली. तेवढं एकच काम माझ्या हातात राहिलं होतं.

"मी कधी येऊ?" मी विचारलं.

"ते मला अजून ठरवता येत नाही," ती म्हणाली. रागाने नाही. खरंच ठरवता येत नव्हतं तिला.

अण्णा गाडीपर्यंत आले. कॉफीपुडीची पिशवी मागच्या सीटवर ठेवून म्हणाले, "सावकाश जा. घाट आहे."

परत

परतीला पाच दिवसांचा रस्ता दोन दिवसांत संपला. मागे काही नसलं की ही गाडी फार चपळ आहे. तोप्पूरचा घाट चढताना बॅटरी सरली, दुसरीकडे उतरताना थोडी भरली. आरशात फक्त रस्ता दिसत होता. वाटेत कुठे थांबायचं कारण नव्हतं, तरी दर चार-पाच तासांनी माझा हात आपोआप सिग्नलच्या दांडीकडे जायचा. पिशवीची वेळ झाली म्हणून.

घरी आल्यापासून अण्णा रोज संध्याकाळी फोनवर एक ओळ पाठवायचे. "चारी पिशव्या झाल्या. पाणी स्वच्छ." पाणी गढूळ आलं तर संसर्ग, स्वच्छ आलं तर सगळं ठीक. मी ती ओळ वाचून झोपायचो. रुक्मिणीचा फोन नव्हता. मी करावा का, हे मी बावीस दिवस ठरवत होतो, आणि केला नाही. वाट बघणं म्हणजे काय ते आता माझ्या वाट्याला आलं होतं, आणि ते बरोबरच होतं.

तेविसाव्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"काय करताय?" तिने विचारलं.

"काही नाही. जेवलो आत्ता."

"काय जेवलात?"

"पिठलं, भात."

"हं." मागे कडुलिंबावर कावळे ओरडत होते. "मी अण्णाला कांदा-लसूण चटणीचं सांगत होते. त्याने कधी खाल्लेलीच नाही. येताना घेऊन या थोडी."

"कधी येऊ?"

"विकतची नको. घरी करा. मिरच्या निवडून घ्या, उन्हात दोन दिवस खडखडीत वाळू देत, मग भाजा. खोबरं वेगळं भाजायचं, तुम्ही एकत्र भाजाल. झाली की या."

फोन ठेवून मी पिशवी घेतली आणि मिरच्या आणायला गेलो.